हललं तर माणूस

विक्रेत्याने पांढरी डबी भिंतीवर लावली, चार पावलं मागे सरकला आणि तिच्यासमोर हात हलवला. डबीखालचा दिवा लाल झाला.

"पाहिलंत?" तो म्हणाला.

पाहिलं की सगळ्यांनी. मग मोठ्या साहेबांनी हात हलवला, दिवा लाल. स्टोअरवाल्याने हलवला, लाल. हिशेबनीस तर खास वरच्या मजल्यावरून उतरून आला, तोही हलवून गेला. काचेच्या कारखान्यातली कर्तीसवरती माणसं, पण पाहुण्यांची गाडी सुटल्यासारखी ओळीने उभी राहून भिंतीला निरोप देत होती.

इंजिनिअरबाई तेवढी हाताची घडी घालून बाजूला उभी होती. हात हलवण्यात अक्कल असती, तर छताचा पंखा आजवर प्राध्यापक झाला असता, असं ती मनात म्हणाली. मनात म्हणाली असं तिला वाटलं. स्टोअरवाला खुदकन हसला, तेव्हा कळलं की तोंडाने म्हणाली.

गोष्ट हसण्यावारी नेण्याची नव्हती. तपासणीच्या चौकात एक लोखंडी हात होता. भट्टीकडून येणारी माणसापेक्षा उंच काच तो अलगद उचलायचा, गर्रकन वळायचा आणि लाकडी घोडीवर टेकवायचा. काचेशी लोण्यासारखा मऊ, पण वाटेत काय आलं याची त्याला दखल नाही. म्हणून चौकाला जाळीचं कुंपण होतं. काच तपासायला आत जायचं तर दार उघडायचं. दार उघडलं की हात थांबे. बाहेर येऊन, दार लावून बटण दाबलं की मगच तो चाले. या उघडझाकीचा साहेबांना वीट आला होता. त्यांचं म्हणणं, जाळी काढा, डबी लावा. आत कुणी हललं की हात थांबेल, हलणं थांबलं की आपोआप चालू होईल. इंजिनिअरबाईने डबीला होकार दिला की उद्या सकाळी जाळी निघणार होती.

आणि त्या चौकात जाऊन काच तपासायचं काम होतं तिच्या थोरल्या नणंदेचं.

नणंद तपासायला उभी राहिली की जमिनीत रोवल्यासारखी. बगळा निदान मासा दिसल्यावर तरी चोच मारतो. ही बुडबुडा दिसला तरी पापणी लववत नसे. श्वास आत धरलेला, कारण श्वास सुटला की काचेवर वाफ, आणि वाफेत केसाएवढा तडा लपला म्हणजे सगळं मुसळ केरात. दुपारच्या उन्हात काचेपुढे उभी असली की काच कुठली आणि बाई कुठली, लांबून कळत नसे. जवळ गेल्यावर मात्र कळे, कारण काच टोचून बोलत नाही. भावाचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली होती, "मुलगी ठीक आहे, आवाज तेवढा फुटका आहे." इंजिनिअरबाईनेही उधारी ठेवली नव्हती. भांडी घासताना तिने कधीच ओळी जुळवल्या होत्या:

नणंद गं माझी, सरळ उभी काठी,
बोलायला जावं तर शब्दाशब्दाला गाठी.

"काय मॅडम, पसंत?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"आता यात काय खोट?"

"ही डबी माणूस बघत नाही साहेब, फक्त ऊब हललेली बघते. ऊब जागेवर थांबली की तिच्या लेखी खोली रिकामी."

"अहो, जिवंत माणूस हलतोच."

"आमच्या वन्सं नाही हलत."

सगळे हसले. विक्रेता तर हाताने, खांद्याने आणि भुवयांनीही हसला. त्या माणसाचं एकही अंग स्वस्थ म्हणून बसत नव्हतं. "मॅडम, हे मॉडेल मोठमोठ्या ऑफिसांत लावलंय," तो म्हणाला.

"दिवे लावायला आणि विझवायला लावलं असेल. तिथे चुकलं तर माणूस अंधारात बसतो. इथे चुकलं तर काच अंगावर घेतो."

"हे पाहा," साहेब आवाज मऊ करून म्हणाले, "नणंद-भावजयीचं घरी ठेवा. तुम्हाला कुठली गोष्ट कधी पसंत पडलीय? नवीन खुर्च्या आल्या, तुम्ही नाक मुरडलंत. चहाचं मशीन आलं, नाक मुरडलंत."

ते खरंच होतं. खुर्च्या भिकार होत्या आणि चहा त्याहून भिकार. पण उठल्यासुटल्या मुरडलेल्या नाकाला गावात किंमत राहत नाही. आता जिथे खरोखर जिवाचा प्रश्न होता, तिथे तिचं नाही म्हणणं म्हणजे रोजचीच कुरकुर झाली होती. तिला पहिल्यांदाच आपल्या नाकाचा राग आला.

ती चौकाकडे गेली. नणंद हातमोजे काढत होती.

"वन्सं, थोडं काम होतं. काचेपुढे उभं राहायचंय. रोजच्यासारखंच."

"का? पीक राखायचंय?"

"डबी तपासायचीय. तुम्ही तिला दिसता का ते."

"लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तुला मी दिसले नाही. डबीला कुठून दिसणार?" असं म्हणत तिने काढलेला मोजा पुन्हा चढवला.

इंजिनिअरबाईने लोखंडी हाताची वीज मुळापासून तोडली, कुलूप घालून किल्ली खिशात टाकली आणि डबी चौकातल्या भिंतीवर लावून घेतली. चालू राहिला तो फक्त डबीचा दिवा. लाल म्हणजे माणूस आहे, हात थांबेल. हिरवा म्हणजे कुणी नाही, हात फिरेल.

नणंद आत गेली, दिवा लाल. काचेपुढे उभी राहिली, लाल. मग तिने नजर काचेत सोडली, जशी कुणी विहिरीत बादली सोडावी, आणि तिचं सगळं अंग त्या नजरेच्या दोराला धरून उभं राहिलं. सारे बघत होते. दिवा हिरवा झाला.

हिशेबनीस जाळीपासून दोन पावलं मागे सरला. विक्रेता मात्र पुढे सरसावला. "संवेदनशीलता वाढवतो," म्हणत त्याने डबीचा स्क्रू पिळला. दिवा लाल झाला आणि लालच राहिला. नणंद बाहेर आली तरी लाल. चौक रिकामा, तरी लाल. भट्टीच्या बाजूला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा होता. गरम हवेने तो झुलत होता आणि डबी त्याला माणूस समजत होती.

"वा," इंजिनिअरबाई म्हणाली. "पडदा दिसतो, बाई दिसत नाही."

"खाली डाव्या कोपऱ्यात बुडबुडा आहे," नणंद म्हणाली. डबी, दिवा, पडदा, तिने कशाकडेच पाहिलं नव्हतं.

साहेबांनी स्क्रू पूर्ववत करायला लावला आणि थोडा विचार केला. विचार करताना ते मिशीला हात लावत आणि त्यातून जे निघे ते मिशीएवढंच वरवरचं असे. "सोपं आहे," ते म्हणाले. "बाईंनी तपासताना अधूनमधून हात हलवत जावं."

नणंदेने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, काच पाहावी तसं, आणि दोष सापडल्यासारखी मान डोलावली. "म्हणजे मशीनने माणूस ओळखायचा नाही. माणसाने मशीनला सांगत राहायचं, बाबा रे, मी आहे, मी आहे. हात हलला की श्वास हलतो साहेब. मग वाफ तुम्ही पुसणार?"

"तुम्ही दोघी मिळून उगाच बाऊ करताय. मी उभा राहून दाखवतो."

साहेब आत गेले आणि उभे राहिले. उभे म्हणजे काय, पायाने ताल धरला, मान खाजवली, पट्टा वर ओढला. दिवा लालभडक. "बघा," ते आतून म्हणाले, "लाल आहे ना? मी किती शांत उभा आहे." इंजिनिअरबाईने त्यांना उभं राहू दिलं. मूर्ख माणसाला जागा द्यावी, तो ती स्वतःच भरतो, हे नोकरीत शिकली होती ती.

तेवढ्यात साहेबांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढला. वरच्या कुणाचा तरी निरोप असावा, कारण साहेबांचा पाय थांबला, मान थांबली, मिशीकडे निघालेला हात छातीपाशीच राहिला. ते वाचत होते.

दिवा हिरवा झाला.

नणंद म्हणाली, "साहेब, तुम्ही नाही आहात."

साहेबांनी वर पाहिलं. दिवा परत लाल झाला, पण हिरवा त्यांना दिसला होता. मग त्यांनी पाहिला तो लोखंडी हात, डोक्यावर टांगलेला, काच उचलायच्या तयारीत गोठलेला. वीज तोडलेली आहे हे त्यांनाही माहीत होतं. तरी ते भिंतीला पाठ घासत, आडव्या पावलांनी बाहेर आले.

"मग याच्याऐवजी काय लावायचं म्हणता?" त्यांनी विचारलं, पण जमिनीकडे बघून.

"लेझरचा स्कॅनर. पायाच्या उंचीवर बसतो आणि आंधळ्याच्या काठीसारखं सगळं चाचपत राहतो. इथवर मोकळं, इथे काहीतरी आहे. ते काहीतरी हललं की न हललं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि हात आपोआप चालू व्हायचा नाही. माणूस बाहेर आला, त्याने स्वतः बटण दाबलं, तरच."

"यायला वेळ लागेल त्याला."

"तोवर जाळी आहे."

साहेबांनी मिशीला हात लावला, मग काढून घेतला. "मागवा," म्हणाले आणि गेले. विक्रेत्याने डबी उतरवली. जाताना सवयीने त्याने हात हलवून निरोप घेतला. कुणीही उलट हलवला नाही.

चौकापाशी दोघी उरल्या. इंजिनिअरबाईने किल्ली काढली, पण कुलपाचं भोक तिला पटकन सापडेना.

"तुझं नाक आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलं," नणंद म्हणाली.

"आणि तुमचं खांबासारखं उभं राहणं."

"चष्मा दे इकडे."

"कशाला?"

"दे म्हटलं ना."

नणंदेने चष्मा उजेडाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला. "ओरखडा आहे. वर बोटांचे ठसे. असल्या डोळ्यांनी माझ्या जिवाची राखण करतेस?"

"दिसतं मला."

"काय दिसतं, ते मी पाहतेच आहे इतकी वर्षं."

आणि दिवसभर काचेपुढे श्वास आवरून धरणाऱ्या त्या बाईने चष्मा तोंडाजवळ नेला, भावजयीच्या काचांवर लांब, ऊबदार श्वास सोडला आणि ती वाफ रुमालाने सावकाश पुसून काढली.