टाकीतला गुलाल

जमिनीखालच्या टाकीत गुलालाच्या सात रिकाम्या पिशव्या होत्या, डाव्या पायाची एक चप्पल, झेंडूच्या हाराचे तीन तुकडे आणि फटाक्यांच्या लडीचा भिजून लगदा झालेला कागद. पाणी जांभळट गुलाबी. झाकण कुणी उघडलं ते सगळ्यांना माहीत होतं. पंच्याण्णवच्या मार्चमध्ये विधानसभेचा निकाल लागला, त्या संध्याकाळी मिरवणूक भाईंदर पूर्वेच्या आमच्या गल्लीत शिरली आणि सोळा बिऱ्हाडांच्या पिण्याच्या पाण्यावर पोरं नाचून गेली.

बाबा तेव्हा खिडकी लावून रेडिओपाशी बसले होते. "पंचशीला, आवाज बारीक कर," ते म्हणाले. "संपलं बाई. आता हे लोक घटनेला हात घालणार. आपल्याला तोंड उघडू देणार नाहीत."

बाबा, म्हणजे सहादेव, बीडकडचे. टपाल खात्यात. दर वीस मार्चला महाडला जाऊन चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी पिणार म्हणजे पिणार.

सोसायटीचे सेक्रेटरी महिपतकाका मिरवणुकीत पुढे होते. त्यांनी घाण काढून घेतली, तुरटी फिरवली. दोन दिवसांत पाणी नितळ दिसायला लागलं. मी रसायनशास्त्राची पदवीधर. एका रंगाच्या कंपनीत रंगातलं शिसं तपासणं हे माझं रोजचं काम. त्या नितळ पाण्याचा नमुना तिथे नेला. लिटरमागे ०.४१ मिलिग्रॅम शिसं. चालतं ते ०.०५ पर्यंत. आमच्या घरात भावाचं आठ महिन्यांचं बाळ होतं, सोनू. टाकी उपसून धुवावी, असा अर्ज मी दिला.

रविवारी जिन्याखाली मीटिंग भरली. महिपतकाकांनी स्टीलच्या ग्लासात टाकीचं पाणी आणून ठेवलं होतं.

"बघा, दिसतंय काही? ही पोरगी साहेबांच्या गुलालाला विष म्हणते."

"शिसं दिसत नाही, काका."

"मग तुला बरं दिसलं! निकाल झोंबलाय, दुसरं काय."

सगळे हसले. तळमजल्यावरचे गुजराती शेठ म्हणाले, "पानी तो एकदम साफ छे, बेटी."

"उपसली तर भरायला चार दिवस," काका म्हणाले. "चालेल? नाही ना? लोकशाही आहे बाबा, मतदान घेऊ. पाणी चांगलं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

पाणी चांगलं आहे की नाही, यावर मतदान. मला वाटलं कुणीतरी हसेल. पाच हात वर झाले. शेजारच्या मंदाकाकू आणि आणखी दोघीतिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. तेव्हा काकांनी ग्लास उचलून बाबांपुढे धरला.

"सहादेवराव, तुम्ही आमच्यातलेच ना? पिऊन दाखवा. पोरीची पण शंका फिटेल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ग्लास घेतला, सावकाश संपवला, रुमालानं मिशा पुसल्या. "चांगलंय की," म्हणाले आणि हात वर केला. मग भराभर हात वर झाले. मंदाकाकूंचाही.

मला किळस आली. त्या गुलालाची नव्हे, काकांचीही नव्हे. बाबांच्या ओल्या मिशांची.

घरी वैजयंतावहिनी सोनूला घेऊन दारात उभी होती. "बाबा, बाळाला पण हेच द्यायचं?"

"उकळून दे."

"उकळून शिसं जात नाही, बाबा, पाणी तेवढं आटतं," मी म्हणाले. "मी कंपनीतून रोज कॅन आणते."

"अन् तो जिन्यातून वर नेताना दिसला म्हंजे? चारचौघांत पिलोय मी!" ते ओरडले, मग आवाज खाली आणला. "तुला कळत नाही का दिवस कसले आलेत? भावाला तुझ्या इथंच राहायचंय. ह्या लोकांतच."

"बाबा, देश बुडाला म्हणून त्या दिवशी कोण रडत होतं?"

 बाबांनी उठून खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी वीस मार्च होता. बाबा महाडला गेले नाहीत. कामावर निघताना मी सोनूच्या बाटलीतलं पाणी नमुन्याच्या शिशीत ओतून घेतलं. वहिनीनं ते पहाटे वीस मिनिटं उकळलं होतं. दुपारी तपासलं.

शिसं, लिटरमागे ०.४८ मिलिग्रॅम.