बटाट्यांची वेळ

एकोणीस वर्षांत वुब्बोने गाडीला जोडलेली आपली कॅराव्हॅन एकदाही उलटी मागे घेतली नव्हती. हे फक्त त्याच्या बायकोला, आफ्केला, ठाऊक होतं आणि तिने ते लोणच्यासारखं मुरत ठेवलं होतं.

खरं तर तशी वेळच आली नव्हती. दर उन्हाळ्यात घरापासून तासाभरावरचा तोच कॅम्प, तेच बर्चचं झाड. जमीन पोळपाटासारखी सपाट. गाडीमागची कडी सोडली की आजूबाजूचे चार जण न बोलावता उठत, कॅराव्हॅनला खांदा लावत आणि हे चाकांवरचं घर ढकलून जागेवर नेऊन ठेवत. मग वुब्बो खुर्ची टाकून बसे आणि नंतर येणाऱ्यांची परीक्षा घेई.

"बघ, बघ, स्टिअरिंग उलटं फिरवलं. याला दहापैकी चार गुण."

सहाच्या वर त्याने कुणालाच दिले नव्हते.

यंदा आफ्के म्हणाली, "मला डोंगर बघायचाय."

"पुलावर जाऊन उभी राहा. तेवढाच उंच असतो."

"वुब्बो, मी साठीची झाले."

म्हणून लक्झेंबर्ग ठरलं. वुब्बोने अट घातली. कॅराव्हॅन पहिल्याच झटक्यात जागेवर गेली नाही, किंवा कुणी हसलं, तर दुसऱ्या दिवशी घरी परत. परदेशाचं नाव पुन्हा काढायचं नाही. आफ्के लगेच "बरं" म्हणाली. बायको इतक्या लवकर बरं म्हणाली की माणसाने काळजी करावी, हे वुब्बोला कळत होतं. पण तोवर बटाट्यांचं पोतं गाडीत चढलं होतं.

तीन वाजून दहा

कॅम्प दोन किलोमीटरवर असताना वुब्बोने गाडी रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत घेतली.

"काय झालं?"

"इंजिन तापलंय."

आफ्केने उतरून बॉनेटवर हात ठेवला. "याच्यावर लोणीसुद्धा वितळायचं नाही."

मग खरं बाहेर आलं. अख्खा बेल्जियम पार करताना तो हाच हिशोब मांडत होता. कॅम्पवर सगळी आपलीच डच माणसं असणार. सहाच्या ठोक्याला आपला माणूस काय करतो? बटाटे खातो. कुठे? आत, टेबलाशी. म्हणजे सहा वाजता बाहेर चिटपाखरू नसणार. तेवढ्यात गुपचूप आत जायचं.

"म्हणजे तीन तास इथे?"

"छान जागा आहे. डोंगर दिसतोय की तुझा."

दिसत होता. आफ्केने खुर्ची काढली आणि डोंगराकडे तोंड करून बसली.

तीन वाजून चाळीस

दुसरी कॅराव्हॅन आली. मारिनुस नावाचा, आपल्याच देशातल्या झीलंड प्रांताचा धिप्पाड माणूस उतरला. शेजारी बायको, तोंड फुगवलेली.

"इंजिन," मारिनुस म्हणाला.

"आमचंही," वुब्बो म्हणाला.

दोघांनी गंभीरपणे माना हलवल्या. दोघांच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

चार वाजून पाच

तिसरी. तीही आपल्याकडचीच. फ्रीसलंड प्रांतातल्या एक निवृत्त शाळामास्तरीणबाई, एकट्या.

"इंजिन का हो, बाई?" वुब्बोने सहानुभूतीने विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

आफ्केने थर्मासमधली कॉफी दिली. प्रत्येकाला एक बिस्कीट. मग डब्याचं झाकण बंद. कितीही परदेश असला तरी रीत ती रीत.

साडेचार

काही घडत नाही.

चार वाजून बत्तीस

ट्रॅक्टरवरून एक तिथला शेतकरी आला. थांबला. खुणेने विचारलं, अपघात झालाय का? तिघांनीही एकाच वेळी आपापल्या बॉनेटकडे बोट दाखवलं. त्याने तीन गाड्या मोजल्या, आभाळाकडे बघितलं आणि निघून गेला.

पावणेसहा

तिन्ही इंजिनं एका मिनिटात थंड झाली.

सहा

चूक इथे झाली.

आपल्याकडे माणूस टेबलाशी आत बसून जेवतो, हे खरं. पण परदेशात आला की तो टेबल बाहेर काढतो. फाटकातून आत शिरताच वुब्बोला काय दिसलं? नदीपर्यंत उतरत गेलेला गवताळ उतार, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं, मांडीवर ताटल्या, ताटल्यांत बटाटे. आणि सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. नाटकाला तिकीट काढूनही इतकी चांगली जागा मिळत नाही.

त्याची जागा सतरा नंबरची. रस्त्यापेक्षा वर, चढावर.

"मागे ये," खाली उतरून मागे उभी राहिलेली आफ्के ओरडली. "डावीकडे!"

"कुणाचं डावं?"

"तुझं!"

"मी आरशात बघतोय!"

"मग आरशाचं!"

कॅराव्हॅन उजवीकडे गेली.

"पुढे घे. परत. आता हळू. हळू म्हटलं! झाड! वुब्बो, झाड!"

पुढे. मागे. पुढे. चौथ्या खेपेला कॅराव्हॅन रस्त्यावर अशी आडवी बसली की ना तिला आत जाता येई ना कुणाला पुढे. मागे मारिनुस अडकलेला, त्याच्या मागे बाई. खुर्च्यांवरच्यांचे काटे हवेतच राहिले होते. चावण्याचा आवाजसुद्धा थांबला होता.

आणि मग कुणीतरी हसलं. अगदी खळखळून.

वुब्बोने आरशात पाहिलं. आफ्के होती. झाडाला धरून हसत होती, डोळे पुसत होती.

त्याने इंजिन बंद केलं. तिथेच बसून राहावं, हिवाळ्यापर्यंत, असं त्याला वाटलं. मग तो उतरला आणि मारिनुसच्या खिडकीशी गेला. त्याच्या गावात माणूस घर जळत असलं तरी शेजाऱ्याला सांगताना आधी हवामानावर बोलतो. त्यामुळे पुढचं वाक्य बाहेर पडायला वेळ लागला.

"मला मागे घेता येत नाही. कधीच येत नव्हतं."

मारिनुसने स्टिअरिंगवरून हात काढले. "मला वाटलं तुम्हाला येतं. म्हणून मी तुमच्या मागे राहिलो, बघून शिकावं म्हणून."

"अहो, आणि मी तुमचं बघून शिकणार होते!" मागून बाई ओरडल्या.

आता मात्र अख्खा उतार हसला. पण हसता हसता ताटल्या गवतावर ठेवल्या गेल्या. एक जण तोंडात काटा तसाच ठेवून आला. दोघांनी चाकांमागे लावायला दगड आणले. वुब्बोने कडी सोडून गाडी वाटेतून बाजूला काढली आणि पंधरा-सोळा खांदे कॅराव्हॅनला भिडले. "हं! अजून! थांबा, दगड लावा! हं!" चढावर ती एखाद्या हट्टी म्हशीसारखी गेली, पण गेली. मग मारिनुसची. मग बाईंची. बाईंच्या वेळी दगड लावायची जबाबदारी वुब्बोची होती आणि तो सगळ्यांवर खेकसत होता.

आठला वीस कमी

बटाटे शिजले. आफ्केने टेबल बाहेर मांडलं.

"झटक्यात गेली नाही," ती म्हणाली.

"नाही."

"लोक हसले."

"पहिली तूच हसलीस."

"मीही लोकांतच येते. म्हणजे उद्या घरी. तुझीच अट."

वुब्बोने बटाटा कुस्करला. त्यावर रस्सा घातला. पुन्हा कुस्करला.

"उद्या कसं जमेल? मारिनुसला आजची जागा नकोय, परवा नदीकाठची रिकामी होतेय. त्याला ढकलायला माणसं लागणार."

"पंधरा आहेत इथे."

"दगड कुणालाच नीट लावता येत नाही. पाहिलंस ना तू."

"म्हणजे परवापर्यंत थांबावं लागेल," आफ्के म्हणाली. चेहरा अगदी सरळ.

"लागेलच. इलाज नाही."

"आणि परवानंतर?"

वुब्बोने घास गिळला आणि समोरच्या उताराकडे, वरपासून नदीपर्यंत, नीट पाहून घेतलं.

"चढ बघ की किती आहे," तो म्हणाला. "रोज कुणाची ना कुणाची अडकणारच."