धोंड्याचं वाण

बसवेश्वरने किल्ली फिरवली. गाडी नुसती 'कट' असा आवाज करून गप्प झाली. त्याने पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मागच्या सीटवर पिशवी ठेवून दाराशी उभ्या असलेल्या स्वप्नालीने आईकडे पाहिलं. उमाबाईंना वाटलं, देवाने ऐकलं.

"येतानाच लाल दिवा लागलता," जावई खाली उतरत म्हणाला. "बॅटरी तर नवीकोरी हाय, मामा."

"मग बॅटरीचा दोष न्हाई. डायनामो गेला, चार्जिंग होईना," म्हणत त्याचे सासरे रुद्रप्पा सदऱ्याच्या बाह्या वर सारू लागले.

"राहू द्या की आज," उमाबाई घाईने म्हणाल्या. "उद्या मिस्त्री येईल. तेवढाच पोरीचा एक मुक्काम."

"मिस्त्री? माझ्या दारात?"

रुद्रप्पांना राग आला तो खोटा नव्हता. घाटनांदूरच्या स्टँडसमोर त्यांचं गाड्यांच्या लायटिंगचं दुकान होतं, तेव्हा पार दिंद्रुडहून लोक बंद जीपा ओढत आणायचे. दुकान बंद झालं, तरी शेवटचा एक चांगला डायनामो त्यांनी फडक्यात गुंडाळून लोखंडी पेटीत जपला होता. त्याला तेल लावताना उमाबाईंनी त्यांना कितीदा पाहिलं होतं.

स्वप्नाली परवा एकटीच आली होती. रात्री आईच्या कुशीत शिरून म्हणाली होती, "आई, ते हात उचलतात. मला तिथं न्हाई राहायचं." उमाबाईंनी ते नवऱ्याला सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सकाळी जावयाला फोन लावला. अधिक महिना आहे, धोंडे खायला या आणि जाताना लेकीला घेऊन जा. मग उमाबाईंनीच पुरण वाटलं, धोंडे उकडले, त्यावर तूप सोडलं. जावयाला पाटावर बसवून ओवाळलं.

शेजारच्या तानाजीने ट्रॅक्टरची बॅटरी आणून वायर जोडून दिली. गाडी सुरू झाली.

"बापू, तुमी बाजेवर टेका," रुद्रप्पा म्हणाले. "धोंड्याला आलेल्या जावयानं हात काळे करायचे न्हाईत. उमे, तू बस आत. रेस दे."

हे काम उमाबाईंचं जुनंच. दुकानात माणूस नसला की त्याच आत बसून रेस द्यायच्या, चार्जिंगचा लाल दिवा विझतो का ते बघायच्या. त्यांनी पाय दाबला. तानाजीची वायर काढून रुद्रप्पांनी बॅटरीला मीटर लावला. इंजिनाचा आवाज चढला तरी आकडा बाराच्या वर जाईना, उलट खाली घसरत होता. पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, तो ठीक होता. मग पेचकसाचं टोक डायनामोला आणि मूठ कानाला लावून त्यांनी डोळे मिटले.

"खरखरतोय. पार मेला," ते खुशीत म्हणाले. "बंद कर."

तानाजी हसला. "सासरा असावा तर असा, बापू! धोंडे बी खाऊ घालतो, अन् वर डायनामो बी."

"वाणच हाय ते," रुद्रप्पा म्हणाले. "कुणी चांदीचं देतं, आमी तांब्याच्या तारेचं."

बाजेवर बसवेश्वर पान चघळत मोबाइल बघत होता.

रुद्रप्पांनी बॅटरीची वायर सोडवली, पट्टा उतरवला. उमाबाई जवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "लोखंडाला काय दुखतंय ते कान लावून ऐकता. पोरीचं ऐका की."

"ऐकलंय."

"मग कावून धाडता?"

"संसारात होतं असं. निवळंल."

"तुमी उचललात का कधी माझ्यावर हात?"

रुद्रप्पांनी बोल्टावरची नजर काढली नाही. "चौदाचा पान्हा दे."

उमाबाईंनी दिला. देताना वाटलं, विहिरीत टाकावा. पण आयुष्यभर मागितलेला पान्हा हातात ठेवायची सवय होती, हात आपोआप पुढे झाला. त्यांच्या वडिलांनीही त्यांना माहेरी कधी मनासारखं राहू दिलं नव्हतं. तेव्हा नवरा बरा निघाला, एवढंच नशीब.

जुना डायनामो निघाला, पेटीतला बसला. पट्टा चढला, ताण बघून झाला. एकेक बोल्ट आवळताना रुद्रप्पांचा चेहरा दुकानातल्यासारखा तरुण दिसत होता. स्वप्नाली मघापासून तिथेच उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

तानाजीने पुन्हा वायर लावली. उमाबाईंनी किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि वायर काढल्यावरही चालत राहिली.

"दिवा विझला का गं?" बॉनेटच्या आडून आवाज आला.

दिवा विझला होता. उमाबाईंना स्वच्छ दिसत होतं. खिडकीतून वाकलेल्या स्वप्नालीलाही दिसत होतं.

"न्हाई," उमाबाई म्हणाल्या. "जळतोय अजून."

रुद्रप्पांनी मीटर लावला. एकदा, मग पुन्हा एकदा. दोन्ही वेळा आकडा बाराच्या वर होता. बॉनेटच्या बाजूने मान काढून त्यांनी काचेतून बायकोकडे पाहिलं. उमाबाईंनी नजर खाली घेतली नाही. इंजिन एका लयीत चालत होतं.

मग त्यांनी बॉनेट आपटून बंद केलं.

"झाली गाडी, बापू. हिला आताशा नीट दिसत न्हाई."

"मोतीबिंदू असंल, मामी," जावई उठत म्हणाला. "अंबाजोगाईला दाखवून घ्या एकदा."

उमाबाई उतरल्या. लेकीच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटी भरली. स्वप्नाली वडिलांच्या पाया पडायला वाकली, तेव्हा रुद्रप्पांनी दोन्ही हात मागे घेतले. "काळे हायत," ते म्हणाले आणि अंगणातल्या नळाकडे वळले.

स्वप्नाली पुढे नवऱ्याशेजारी बसली. तिने सीटचा पट्टा ओढला. तो दुखऱ्या खांद्यावर टेकताच तिने डोळे मिटले, मग अंगठा खाली घालून तो अलगद वर उचलून धरला. गाडी निघाली. वळणापर्यंत उमाबाईंना तो अंगठा दिसत होता. मागे रुद्रप्पा नळाखाली साबणाने हात चोळत होते.