बिनदिव्यांचा बोर्ड

मी मदरबोर्ड बोलतोय. दिवेवाला नव्हे, साधा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण दिवे नाहीत म्हटल्यावर निम्मी माणसं ऐकायचंच थांबवतात. त्यांनी खुशाल जावं.

संगणकाच्या पोटात जी पाटी असते आणि जिच्यावर बाकी सगळे येऊन बसतात, ती पाटी म्हणजे मी. प्रोसेसर माझ्या डोक्यावर, मेमरी खांद्यावर, ग्राफिक्स कार्ड कडेवर. नावातच आई आहे आणि वागणूकही आईसारखीच मिळते. सगळं सुरळीत चाललं तर कौतुक प्रोसेसरचं, आणि काही बिघडलं की पहिला आळ माझ्यावर.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. यंत्रांनी माझ्या अंगावर बारीक बारीक भाग पेरले, भट्टीतून काढलं आणि शेवटी डोक्याला टोपी लावलेल्या एका बाईने भिंगाखाली मला नीट पाहिलं. "हं," एवढंच म्हणाली आणि मला पिशवीत सरकवलं. त्या "हं"इतकं खरं कौतुक पुढे कुणी केलं नाही.

तिथून मी दुकानाच्या फळीवर आलो. माझ्या शेजारी झगमग्या होता. त्याच्या खोक्यावरच सात रंग. आमची खाच तीच, त्याच्यात बसणारा प्रोसेसर माझ्यातही बसतो. फरक एवढाच की त्याच्या अंगावर चकचकीत पत्रे आणि दिव्यांच्या माळा होत्या. गिऱ्हाइकं यायची, झगमग्याला हातात घ्यायची आणि दुकानदाराला विचारायची, "दिवे संगीतावर नाचतात का?" एका जोडप्याने तर खोलीच्या पडद्याचा तुकडा आणला होता, रंग जुळवायला. वीज नीट पुरवतो का, मेमरीला किती जागा आहेत, तापल्यावर टिकतो का, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. दुकानदारही वस्ताद. तो म्हणायचा, "दिवे लावले की वेग वाढल्यासारखा वाटतो." वाटतो म्हणे. मी फळीवर धूळ खात होतो.

मग एकदा ती आली. चष्म्याच्या दुकानात काम करणारी, विशीतली, घरात सगळे तिला छोटी म्हणतात. तिला स्वतःच्या पगारातून खेळासाठी संगणक बांधायचा होता. तिने माझं खोकं उलटं केलं आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागली. मी तर गारच पडलो. वाचणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तिच्याबरोबर तिचे काका होते. काका एका कचेरीत खरेदी खात्यात. खुर्च्या, पंखे, पाण्याची पिंपं त्यांच्या हातून घेतली जातात, म्हणून घरातल्या सुईपासून कपाटापर्यंत सगळ्या खरेदीचे मुखत्यार तेच. त्यांनी झगमग्याला उचललं.

"हा घे. बघ, वजन आहे."

"काका, आपल्या कॅबिनेटला काच नाहीये. पत्र्याच्या डब्यात दिवे दिसणार कुणाला?"

"दिसण्याचा प्रश्न नसतो गं. वस्तू भारी असली की आतून कळतं."

"मला मेमरीच्या चार जागा हव्यात. त्याला दोनच आहेत."

काकांनी दुकानदाराकडे पाहिलं, दुकानदाराने छताकडे पाहिलं. मी घेतला गेलो.  वाटेत काका एवढंच म्हणाले, "मग मला सांगू नकोस पुढे."

आता त्या घराबद्दल सांगतो. तिथली प्रत्येक वस्तू गुंडाळलेली होती. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोही रबर लावून. सोफ्यावर कारखान्यातून आलेलं वेष्टन तसंच, बसलं की कुरकुरायचं. फ्रिजच्या दाराची निळी फिल्म काही ठिकाणी सुटून लोंबत होती, पण काढायची टाप नव्हती कुणाची. छोटीची आई म्हणायची, "वस्तू नवी राहते." कोणासाठी राहते, हे विचारायची पद्धत नव्हती. आपलं ठेवावं झाकून म्हणतात, ते या लोकांनी फारच मनावर घेतलं होतं.

छोटी कामावर गेलेली असताना काकांनीच मला जोडलं. मोठ्यांनी हात लावला की शुभ, असं त्यांचंच म्हणणं. स्क्रू बरोबर लावले, प्रोसेसर बरोबर बसवला, खोटं का बोलू. शेवटी मॉनिटरची, म्हणजे पडद्याची, तार राहिली. ती लावायची असते ग्राफिक्स कार्डाला, कारण खेळाची चित्रं तेच रंगवतं. पण कार्डाच्या भोकांवर कारखान्यातल्या काळ्या रबरी टोप्या होत्या. काकांनी त्या हाताने चाचपल्या, समाधानाने मान हलवली आणि तशाच ठेवल्या. धूळ जायला नको. मग तार लावायला उघडं भोक कुठलं उरलं? माझं. मला टोपी नव्हती. माझ्यातून चित्र येतं, नाही असं नाही, पण ते प्रोसेसरने जाता जाता काढलेलं कामचलाऊ चित्र. हिशेबाचे तक्ते बघायला पुरतं. युद्ध खेळायला नाही.

झालं. एवढं दणकट ग्राफिक्स कार्ड माझ्या कडेवर टोप्या घालून घरजावयासारखं बसून राहिलं. वीज खायचं आणि ढिम्म काम करायचं नाही.

छोटी ज्या खेळात होती त्यात पाच जणांचा संघ गढी राखतो. तिच्याकडे दरवाजा होता. तार, हेडफोन, सगळं माझ्यातून जातं, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. शत्रू आला की चित्र थबकायचं, आणि पुढे सरकायचं तेव्हा छोटी मेलेली असायची. कप्तान पहिल्यांदा हसला. मग समजावू लागला. मग त्याचा आवाज थंड झाला.

"तुला दिसत नाही का? समोरून आला तो."

"दिसतं. उशिरा दिसतं."

"बाकीच्यांना वेळेवर दिसतं. रविवारी संध्याकाळी शेवटचं बघू. नाहीतर दरवाजा दुसऱ्याला देतो."

तिने सगळं तपासलं. पुढच्या जाळीतली धूळ पुसली, खेळ पुन्हा घातला, रात्रंदिवस सेटिंगा उलट्यापालट्या केल्या. तपासली नाही ती फक्त मागची बाजू. कॅबिनेट काकांनी भिंतीला टेकवून ठेवलं होतं, वर आईचा कापडी अभ्रा, आणि काकांनी जोडलेलं उकलून पाहणं म्हणजे काकांचा अपमान. या माणसांचा मला मनस्वी राग येतो. यांच्या घरात चूक शोधायची परवानगी असते, पण मोठ्यांच्या चुकीच्या जागी सोडून.

काकांचा निकाल तर आधीच तयार होता. "मदरबोर्ड हलका. मी सांगितलं होतं." चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि छोटी, जिने मला अक्षरं वाचून निवडलं होतं, तीही हळूहळू डगमगायला लागली. एकदा माझ्या डब्याकडे बघून म्हणाली, "मीच चुकले बहुतेक." ते मला फार लागलं. मला तोंड असतं तर सगळी तार ओकून दाखवली असती.

रविवारी सकाळी काका झगमग्याला घेऊन आले. ओळखीवर, बघायला आणलेला. दुकानदाराची अट एकच होती, पत्र्यांवरची फिल्म काढायची नाही, म्हणजे परत करता येईल. या घराला ही अट कशाला जड जाणार? मला उपसून टेबलावर ठेवलं. डोक्यावरचा प्रोसेसर निघाला तेव्हा एकदम रिकामं रिकामं वाटलं. झगमग्या आत गेला, पत्रा बंद झाला, डब्यात रोषणाई सुरू झाली. फटीतून थोडी दिसत होती. आणि पडद्याची तार? काकांनी सवयीने पुन्हा बोर्डालाच लावली.

छोटीने खेळ सुरू केला. चित्र थबकलं. छोटी मेली. पुन्हा थबकलं, पुन्हा मेली. वर आणखी एक जळका वास यायला लागला.

काका मग हळूच म्हणाले, "आता बोर्डही भारी आहे. मग दोष हातातच असणार, छोटे. सगळ्यांना सगळं जमतं असं नाही."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "जाऊ दे ना. खेळच आहे."

छोटी उठली. आधी तिने पडद्याच्या कडेची फिल्म ओढून काढली. मग कीबोर्डवरचं प्लॅस्टिक. आई म्हणाली, "अगं, नवं आहे ते," तेव्हा तिने अभ्रा उचलून जमिनीवर टाकला आणि कॅबिनेट दोन्ही हातांनी भिंतीपासून फिरवलं. मी टेबलावरून पाहत होतो. तिची बोटं मागच्या बाजूवर फिरली आणि थांबली.

"काका, या टोप्या कशाला?"

"धूळ जाऊ नये म्हणून."

तिने टोपी उपटली. आत भोक होतं, कधीच न वापरलेलं. तिने तार माझ्या वैऱ्यातून काढली आणि तिथे लावली. पडद्यावर गढीचा दरवाजा असा उघडला, की आईसुद्धा आत आली.

काका खुर्चीवर बसले. "मला वाटलं, नवं राहील," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की क्षणभर मलाही त्यांची कीव आली. क्षणभरच.

वास मात्र वाढत होता. झगमग्याच्या पत्र्यांवरची फिल्म आतल्या आत वितळत होती. छोटीने संगणक बंद केला, पत्रा उघडला आणि त्याला बाहेर काढलं. मग मला उचललं. काकांनी न सांगता टॉर्च धरला आणि एकेक स्क्रू तिच्या हातावर ठेवत गेले. या खेपेला काय कुठे लावायचं, हे त्यांनी तिलाच विचारलं.

संध्याकाळी दरवाजा छोटीकडेच होता. शत्रू आला, तिला वेळेवर दिसला. दुसरा आला, तोही.  डाव संपल्यावर कप्तान म्हणाला, "इतके दिवस कुठे होतीस?"

"घरच्यांनी झाकून ठेवली होती," छोटी म्हणाली, आणि हसली. ते हसू माझ्यातून गेलं. आजवर माझ्यातून गेलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच.

आज मी तिच्या टेबलाखाली त्याच पत्र्याच्या डब्यात आहे. काळोख आहे, धूळ आहे, मजेत आहे. झगमग्या काकांच्या काचेच्या कपाटात आहे. वितळलेली फिल्म पाहून दुकानदाराने परत घेतला नाही. आता त्याला वीज नाही, काम नाही, पण नवा आहे हो, अगदी नवा.

तुम्ही ऐकलंत, म्हणून एक सांगतो. पुढच्या वेळी घरातलं कुणी अडखळलं, तर त्याच्या हातांना नावं ठेवण्याआधी उठा, अभ्रा काढा आणि मागे जाऊन बघा, टोपी कुणी घातली आहे ते. बहुतेक तुम्हीच घातलेली असते.