उजवी बाजू वर

"काका, जरा थांबा," मी म्हणाले.

तोकुझोकाका थांबले नाहीत. सेहेचाळीस वर्षं बाहुल्यांना जिवंत शेवंतीचे किमोनो घालणारा माणूस माझ्यासारख्या शेवाळवालीचं कशाला ऐकेल? मी मुळांना ओलं शेवाळ गुंडाळून रोपं द्यायची, ते ती बांबूच्या सांगाड्यात बसवून बांधायचे. आठ-दहा दिवसांत फुलं माना टाकतात. मग सगळं काढून पुन्हा नवं नेसवायचं.

"अहो, राजकन्येचा गळा बघा तरी!"

राजकन्येच्या बाहुलीच्या गळ्याशी जांभळ्या फुलांची उजवी बाजू वर आली होती, डावी खाली. आमच्यात जिवंत माणूस किमोनोची डावी बाजू वर घेतो. उजवी वर घेतात ती फक्त प्रेताची. पोरांनी चुकून तसं केलं तर आया हातावर चापट मारतात.

काकांनी पाहिलं. त्यांचा हात तिथेच राहिला.

चारच दिवसांपूर्वी काकांची बायको, फुकीकाकू, गेल्या. अंत्यविधीवाल्यांना बाजूला सारून काकांनी त्यांना स्वतःच्या हातांनी किमोनो नेसवला होता. आणि आज हे कामावर हजर. सकाळी मी घरी जा म्हटलं, तर माझ्यावरच खेकसले, "फुलं माझं सुतक पाळणार आहेत का?"

तेवढ्यात व्यवस्थापक ओगातासाहेब आले. उद्या नऊला बाहुल्यांचं प्रदर्शन उघडणार होतं.

"राहू द्या हो. फुलांच्या गर्दीत कुणाला कळतंय?"

"आत येणाऱ्या पहिल्याच म्हातारीला कळेल," मी म्हणाले. "तुमच्या आईंनाच आणून दाखवा."

साहेब जरा वरमले. "पण जांभळी रोपं संपलीत. सोडवताना मुळं तुटली तर ही उघडी पडेल. त्यापेक्षा यंदा हिला मांडूच नका."

"मांडायची," काका म्हणाले. "नीट नेसवून मांडायची."

साहेब गेले. काकांनी कात्री बाजूला ठेवली आणि नखांनी गाठी सोडवायला घेतल्या. मला फार वाईट वाटलं. मी आधीच बघायला हवं होतं.

"मी करते, काका. तुम्ही घरी जा."

"घरी काय आहे गं?"

मी शेवाळ भिजवत राहिले. एकेक रोप मुळासकट सुटून माझ्या ओंजळीत येत होतं. एकही तुटलं नाही.

"फुकीला नेसवताना सारखं वाटत होतं," खाली मान घालूनच काका म्हणाले, "ही गाठ सोडावी, डावी बाजू वर घ्यावी, म्हणजे उठून बसेल. वेड्यासारखं."

"मग?"

"मग काय. माणसं खोळंबली होती. तशीच जाऊ दिली."

बाहेर अंधारून आलं होतं. गळा पुरता मोकळा झाला, आतले बांबू दिसू लागले. काकांनी त्यांवरून एकदा हात फिरवला.

"हिची गाठ सुटली बघ," ते म्हणाले. "दे. आधी उजव्या बाजूचं रोप दे. डावी वर घ्यायची."