दांडीतले दोन इंच

माझी बोटं आखूड आहेत, हा काही गुन्हा नाही. पण आमच्या भीमगीतांच्या गायन पार्टीत एकच गिटार होती, ती माझी, आणि दांडीच्या टोकाकडची, सगळ्या तारा एकदम दाबायची एफ कॉर्ड धरताना माझा हात पुरायचा नाही. नव्व्याण्णव साली जयंतीला पंधरा दिवस उरले असताना पार्टीचे प्रमुख पिराजीदादा म्हणाले, "अक्षता, जमतंय का बघ. न्हायतर यंदा कोरसमधी उभी ऱ्हा."

घरी येऊन मी थयथयाट केला. "दांडी लांब हाय, जाड हाय, मनगट मोडायची येळ आली!" आईनं लक्ष दिलं नाही. आप्पांनी दिलं.

आप्पा मंगळवार पेठेत सुतारकाम करायचे. गिऱ्हाईक बुटकं असलं की टेबलाचे पाय कापून द्यायचे, बाईचा हात पोचत नसला की फळी खाली घ्यायचे. "वस्तूनं माणसाच्या मापात यायचं," असं प्रत्येकाला ऐकवायचे. त्यांच्यापुढं लाकडाची तक्रार करायला नको होती. चूक माझीच.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर गिटार आप्पांच्या मांडीवर. स्क्रू काढून त्यांनी दांडी सोडवली होती, बुडाकडून दोन इंच कापली होती आणि पाठ तासून, पॉलिश पेपर मारून परत बसवली होती. सांधा शोधून सापडेना.

"धर."

धरली. दांडी तळहातात अशी बसली की मला भरून आलं. हात ताणावा लागला नाही. मग मी कॉर्ड वाजवली आणि ती बेसूर लागली. पुन्हा तारा जुळवल्या. मोकळी तार सुरात, बोट ठेवलं की स्वर चढा. दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची अंतरं जुन्या लांबीच्या हिशेबानं होती. तार आखूड झाली, अंतरं तीच राहिली. नुसती पाठ तासली असती तरी भागलं असतं हो! कापलेलं लाकूड काही वाढत नाही.

आप्पांना सुराचा कान नाही. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. "दुकतंय?"

"न्हाय, आप्पा."

खरंच दुखत नव्हतं.

तालमीत पिराजीदादांनी एक ओळ ऐकली आणि तारांवर हात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. "आप्पा येनार न्हवं ऐकायला?" एवढंच त्यांनी विचारलं.

जयंतीला त्यांनी मला स्टेजवर पुढंच उभं केलं. सगळ्यांसमोर माईक होता, गिटारीसमोर नव्हता. ढोलकीच्या दणक्यात मी दोन तास वाजवत राहिले आणि माझं मलाही काही ऐकू आलं नाही. पहिल्या रांगेत आप्पा मान डोलावत होते. शेजारच्याला दांडीकडं बोट करून काहीतरी सांगत होते.

कार्यक्रम संपल्यावर ते स्टेजजवळ आले. डोळे ओले होते. "सगळ्यात तुझी गिटारच ग्वाड लागत हुती."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, गळ्यातही पडायचं होतं. जमलं काहीच नाही.

"व्हय, आप्पा."

त्यांनी गिटार हातात घेतली, दांडीवरून अंगठा फिरवला. "अजून इंचभर कमी करू. आनी सोपं पडंल."