सात प्रश्नचिन्हं

अकरा वर्षांपूर्वी आलेल्या त्या पत्राला बहुतेकरावांनी उत्तर दिलं नव्हतं. वेधशाळेत त्यांना हेच नाव पडलं होतं. किती वाजले हे सांगतानाही ते आधी ‘बहुतेक’ म्हणत. तिथे तीस वर्षं त्यांनी ताऱ्यांचं तेज मोजून वहीत उतरवलं. एका ताऱ्याच्या सात नोंदी फारच मंद आल्या, तेव्हा आपलीच नजर चुकली असं धरून त्यांनी सातही नोंदींपुढे प्रश्नचिन्हं टाकली. छापील यादीतही ती तशीच गेली. यादी पाहून एका अनोळखी शिक्षिकेने लिहिलं होतं: ‘हा तारा मंद झालेला मीही गच्चीवरून पाहिला. चूक माझी, की ताऱ्यातच काही आहे? तुम्ही म्हणाल ते मानीन.’

तुम्ही म्हणाल ते मानीन! या एका वाक्यामुळे त्यांनी पत्र कपाटात ठेवून दिलं होतं.

आता त्यांची सून वेधशाळेच्या जुन्या वह्या संगणकावर आणत होती, कुणालाही आकड्यांशी खेळता यावं म्हणून. रविवारी दुपारी तिने त्यांना पडद्यासमोर बसवलं.

“बाबा, तुम्ही चालवून बघा. तुम्हाला जमलं म्हणजे कुणालाही जमेल.”

“परीक्षा माझी की यंत्राची?”

“दोघांची!”

त्यांनी तोच तारा निवडला. एकेक नोंद म्हणजे एकेक ठिपका. पडदाभर मोहरी सांडल्यासारखी.

“खालची पट्टी सरकवा. लांब कागदाची घडी घालावी तसे दिवस एकमेकांवर येतील. ताऱ्याचा ताल सापडला की ठिपके आपोआप रांगेत बसतात.”

“माझे सात कुठे आहेत?”

“अहो, तुम्हीच त्यांना वाळीत टाकलंत! थांबा.” तिने ते लाल रंगात आणले.

त्यांचं बोट पट्टी सरकवत गेलं. वीस दिवस, पंचवीस, सव्वीस. सव्वीस दिवस आणि साडेपाच तासांवर मोहरीची एकदम सरळ रेघ झाली. रेघेत एकच खोल खळगा, आणि लाल ठिपके सगळे त्याच खळग्यात. तीन उतरणीवर, एक तळाशी, तीन चढावर.

“हा एक तारा नाही गं,” ते पुटपुटले. “दोन आहेत. एक दुसऱ्याच्या आड जातोय.”

बहुतेकराव शंका घेत होते तेव्हाही दोन सूर्य एकमेकांभोवती फिरत होते. त्यांची सावली सात वेळा वहीपर्यंत येऊन गेली होती.

त्यांनी उठून कपाटातलं पत्र आणलं. बाईंनी तारीख, वेळ, शेजारच्या कोणत्या ताऱ्याइतका मंद, सगळं लिहिलं होतं. सुनेने आकडे भरले. आठवा ठिपका अलगद खळग्यात जाऊन बसला.

सुनेने कागद आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं.

ते लिहू लागले: ‘बाई, चूक तुमची नव्हती. तुम्ही पाहिलंत ते खरं आहे. उत्तराला फार उशीर केला, क्षमा करा.’

“उद्या टाकते मी पेटीत,” सून म्हणाली.

“उद्यापर्यंत मी ते चार वेळा वाचेन आणि फाडून टाकीन.”

घरातल्या चपलांवरच ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले आणि पाकीट आत सोडून दिलं.